लाल दिसलं नाही म्हणून

पुणे
११ ऑगस्ट १९९१

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, आधीच कान पकडतो. तू लिहिलंस, ‘नोकरी लागल्यापासून साहेबाला बहीण आठवत नाही.’ साहेब कसला, इथे मी सगळ्यांत खालच्या पायरीवर आहे. आणि गावात कुणी विचारलं तर अण्णा म्हणे सांगतात, ‘शैलेश कॉम्प्युटरमध्ये असतो.’ जसा काही मी आत शिरून बसलोय.

तर आता नीट ऐक आणि त्यांनाही सांग. आमची कंपनी औषधांच्या गोदामांसाठी एक प्रोग्राम बनवते. कुठलं औषध किती उरलं, कुठल्याची मुदत संपली, हे तो सांगतो. बनवणारे वेगळे, मी तपासणाऱ्यांतला. पण हाताने किती तपासणार? म्हणून आम्ही आज्ञांची एक रांग लिहून ठेवतो. तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात. ती चालू केली की मशीन एकेक आज्ञा पाळत प्रोग्रामची परीक्षा घेतं आणि शेवटी पडद्यावर ‘पास’ किंवा ‘नापास’ लिहितं. म्हणजे तू मास्तरीण आणि मी मास्तरांचा मास्तर.

सध्या कंपनीने नवं मशीन घेतलंय. जुनं आणि नवं, दोघांची जात एकच, पण बोली थोडी वेगळी. जुन्यावर सुरळीत चालणारी स्क्रिप्ट नव्यावर अडखळते. परवाचीच गंमत. एका जागी आम्ही लिहिलंय, ‘हे छाप, पण ओळ मोडू नकोस.’ जुनं मशीन मुकाट्याने ऐकतं. नव्याने ती सूचनासुद्धा पडद्यावर छापली! अशा जागा शोधायच्या आणि दोघांनाही कळेल असं लिहायचं, हे माझं काम. गेल्या आठवड्यात सगळ्या स्क्रिप्ट नव्या मशीनवर चालवल्या. वरपासून खालपर्यंत पास, पास, पास. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

अण्णांचा गुडघा कसा आहे? मधे लाल बावटा लागला होता का? लागला नसेल तर मजेत आहेत असं समजतो.

तुझा,
शैलेश


डहाणू
२५ ऑगस्ट १९९१

चि. शैलेश,

मास्तरांच्या मास्तरांना मास्तरणीचा नमस्कार. तुझ्या नव्या मशीनसारखी चाळीस मशीनं माझ्या तलासरीच्या शाळेत आहेत. परवा पोरांना म्हटलं, ‘फळ्यावरचं उतरवून घ्या, समास सोडा.’ वह्या बघते तर चौघांनी ‘समास सोडा’ असं वहीत लिहिलेलं. मी काही त्यांना नवी कोरी समजून पाठ थोपटली नाही.

अण्णा बरे आहेत. आई गेल्याला वर्ष होत आलं तरी चिखल्याची वाडी सोडून इथे डहाणूला आमच्याकडे यायचं नाव काढत नाहीत. यांनीही दोनदा सांगून बघितलं. ‘जावयाच्या घरी राहून मी काय दिवाळसण खात बसू?’ हे ठरलेलं उत्तर. चिकूच्या झाडांना पाणी कोण घालणार, हे दुसरं. झाडांना पाणी वाडीवर राहून काम करणारी कमळी घालते, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मे महिन्यात तू बसवून दिलेली व्यवस्था मात्र चालू आहे. मी रोज सकाळी बोर्डीवरून तलासरीला जाणाऱ्या एसटीत डाव्या बाजूची खिडकी धरते. वाडीच्या फाटकाच्या खांबावर अण्णांचा रेल्वेतला लाल बावटा दिसला, तर घोलवडला उतरून मागे फिरायचं. नाही दिसला तर पुढे शाळेत. या महिन्यात एकदाच दिसला. कंडक्टरच्या हातापाया पडून तिथेच गाडी थांबवली, धावत आत गेले. अण्णा ओट्यावर बसलेले. म्हणाले, ‘रेडिओचे सेल संपलेत. येताना आण.’ मी तिथल्या तिथे भांडले. तर म्हणतात, लाल बावट्याचा दुसराच ताप झालाय, तलासरीकडचे लोक सायकलवरून जाताना मूठ वर करून सलाम करतात. त्यांना वाटतं म्हातारा पार्टीत आला.

माझं अजून तेच म्हणणं आहे हं. रोज सकाळी हिरवा लावा, मग मला बघून बरं वाटेल. तेव्हा तू त्यांचीच बाजू घेतलीस. ‘गरज असेल तेव्हाच लावू दे ताई, कमीत कमी खटाटोप.’ आणि ते म्हणाले, ‘मी काय रोज झेंडावंदन करू? ठीक असलं की माणसाने गप्प असावं.’ हिरवा बावटा ट्रंकेत घडी करून ठेवलाय. दोघे बापलेक सारखेच.

जेवणाची आबाळ करू नकोस. मेसचं आवडत नसेल तर निदान दूध घे.

तुझी,
सुधाताई


पुणे
२९ सप्टेंबर १९९१

प्रिय ताई,

मिसळ मला भोवली. सांगतो.

आमच्या प्रोग्रामने एका गोदामात मुदत संपलेलं औषध ‘चांगलं’ म्हणून दाखवलं. तिथला माणूस जागरूक होता म्हणून ते बाहेर गेलं नाही. पण कंपनीत गदारोळ झाला. साहेब म्हणाले, ‘शैलेश, तू तर सगळं पास म्हणाला होतास.’ मीही तेच म्हणत होतो. मग त्या स्क्रिप्टची एकेक ओळ घेऊन बसलो.

बघ, आमची परीक्षा अशी चालते. प्रोग्राम आपल्या कामाची टिपणं एका फाइलीत लिहीत जातो. काही बिघडलं तर तिथे ‘चूक’ असा शब्द येतो. स्क्रिप्ट दुसऱ्या एका आज्ञेला सांगते, ‘या फाइलीत चूक हा शब्द शोध, पण आवाज न करता शोध, मला फक्त सापडला की नाही ते कळव.’ सापडला तर नापास. नाही तर पास.

गोम त्या ‘आवाज न करता’मध्ये होती. ती खूण जुन्या मशीनला कळते. नव्या मशीनची बोली वेगळी, त्याला ती कळतच नाही. ते म्हणतं, ‘तू काय विचारतोस तेच समजलं नाही,’ आणि फाइल न उघडताच परत येतं. म्हणजे उत्तरं दोन नव्हेत, तीन होती. सापडला, सापडला नाही, आणि मी बघितलंच नाही. आमची स्क्रिप्ट फक्त एवढंच बघत होती, की ‘सापडला’ असं कुणी म्हणतंय का. कुणी म्हणालं नाही, म्हणून पास! आणि मशीन जी कुरकूर करत होतं ती पडद्यावर दिसू नये म्हणून कचऱ्यात टाकायची सोय आम्हीच करून ठेवली होती. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून.

ताई, दोन महिने त्या फाइलीत चुका लिहिलेल्या होत्या आणि कुणी उघडून बघितलं नव्हतं. मला फार लाज वाटली. ‘आवाज न करता’ ही खूण मी काढून टाकली, आणि तिसऱ्या उत्तराला वेगळी जागा केली. अशा किती जागा आहेत देव जाणे. आता दिवाळीपर्यंत हेच.

अण्णांना वाचून दाखव. म्हणावं, कॉम्प्युटरच्या आत असंही असतं.

शैलेश


डहाणू
१३ ऑक्टोबर १९९१

चि. शैलेश,

रविवारी चिखल्याला गेले होते, तुझं पत्र मोठ्याने वाचलं. मला अर्धं कळलं. अण्णांना सगळं कळलं. मांडीवर थाप मारून हसले. म्हणाले, ‘त्याला लिही, हे आम्हाला केबिनमध्ये पहिल्या दिवशी शिकवलं होतं.’

मग चहा थंड होईपर्यंत सांगत बसले. तुला ठाऊक असेल, मला नव्हतं. त्यांच्या वेळी लिव्हर ओढला की लांब तारेने सिग्नलचा हात खाली यायचा, म्हणजे गाडीने या. आता ती तार मधेच तुटली तर? हाताला मागून वजन बांधलेलं असायचं. तार तुटली की हात आपोआप आडवा, म्हणजे थांबा. ‘बिघडलेला सिग्नल कधी “या” म्हणत नाही, सुधा. काही कळत नसेल तर गाडी थांबली पाहिजे. तुझ्या भावाने उलटं बांधून ठेवलं होतं. तार तुटली आणि हा आपला हात खाली सोडून बसलाय.’ असं म्हणून पुन्हा हसले. आई गेल्यापासून त्यांना इतकं हसताना मी बघितलं नव्हतं. तुझ्या चुकीने म्हाताऱ्याचा दिवस चांगला गेला म्हण.

मला चिठ्ठीवर त्यांनी लिहून दिलंय, ते असं: ‘चि. शैलेशास आशीर्वाद. चूक सापडली याचा आनंद. न सापडती तर दुःख. चिकू गोड आहेत. गोपीनाथ.’ तार केल्यासारखं लिहितात अजून.

गुडघा थोडा धरतो, बाकी ठणठणीत. कमळी पुढच्या आठवड्यात कापणीला सायवनला माहेरी जाणार आहे. तिच्या भावाचं भात उभं आहे आणि माणसं कमी. मी म्हटलं जा, नव्या तांदळाचे पोहे आण. यांची ड्यूटी अच्छाडच्या नाक्यावर लागलीय, तेही घरी नसतात, आणि माझे सहामाहीचे पेपर. पण खिडकी काही सोडत नाही. लाल नसतो, मी निर्धास्त पुढे जाते.

दिवाळीला लवकर ये. अण्णांनी तुझ्यासाठी चिकू पिकत घातलेत.

सुधाताई


पुणे
२० ऑक्टोबर १९९१

प्रिय ताई,

तुझं पत्र काल आलं. वाचून मीही हसलो, मित्रांनाही वाचून दाखवलं. आज सकाळी पुन्हा वाचत होतो आणि शेवटच्या ओळींपाशी हसू गेलं. ‘लाल नसतो, मी निर्धास्त पुढे जाते.’

ताई, आपला बावटा उलटा बांधलाय.

लाल दिसला तर अण्णांना काहीतरी हवंय. लाल दिसला नाही तर? एक तर ते ठीक आहेत, नाहीतर बावटा लावायला उठूच शकत नाहीत. खिडकीतून दोन्ही सारखंच दिसतं. हीच ती माझी स्क्रिप्ट. आणि ती मी मे महिन्यात स्वतः लिहिली, तू नको म्हणत असताना. अण्णांनी जन्मभर सिग्नल सांभाळला, मी दिवसभर हेच शोधतो, तू रोज बघतेस, आणि परवा तिघे मिळून त्याच गोष्टीवर हसलो. फाटकाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

तेव्हा आता असं करायचं. ट्रंकेतला हिरवा काढ. रोज सकाळी पहिल्या चहाआधी अण्णांनी हिरवा लावायचा. तुला हिरवा दिसला तर पुढे जा. हिरवा नाही, म्हणजे लाल असो वा काही नसो, उतर आणि आत जा. झेंडावंदन म्हणाले तर म्हणावं, हो, झेंडावंदनच. तारेला वजन बांधतोय म्हणून सांग, लगेच ऐकतील.

आत्ता कमळी नाही म्हणून मला जास्त वाटतंय. तार करणार होतो, पण तार बघून तुम्ही दोघे उगाच घाबराल. म्हणून हे एक्स्प्रेसने पाठवतोय. बाकीचं दिवाळीत आल्यावर नीट बसवू.

शैलेश


डहाणू
१४ नोव्हेंबर १९९१

शैलेश,

तेराव्यानंतर तुला गाडीत बसवायला मी स्टेशनवर आले होते. गाडी हलल्यावर मला सगळं बोलायचं होतं. तू समोर असताना तोंडातून निघालं नाही, म्हणून लिहिते.

तुझं एक्स्प्रेस पत्र आलं तेव्हा मी अण्णांजवळ दवाखान्यात होते. शेजारच्या हिरीवहिनींनी ते घेऊन ठेवलं. तू ते टेबलावर न उघडलेलं बघितलंस आणि उशीखाली सरकवलंस. मला वाटलं, तुझं तुला परत हवंय. काल चादर बदलताना सापडलं. आता वाचलं.

मंगळवारी मी खिडकीतून बघितलं. लाल नव्हता. बुधवारी बघितलं. लाल नव्हता. त्या दिवशी पेपरांचा गठ्ठा मांडीवर होता, उशीर झाला होता, आणि लाल नाही हे बघून मला बरं वाटलं. शैलेश, मला बरं वाटलं. चला, आज उतरायला नको, असं मनात म्हटलं. त्या वेळी ते मागच्या न्हाणीत पडलेले होते. हे मी कुणाला सांगू? यांना सांगितलं, तर म्हणाले, तुझा काय दोष. दोष नाही म्हटल्याने ते जात नाही.

कमळी गुरुवारी पहाटेच्या गाडीने सायवनहून आली. पोह्यांची पिशवी हातात तशीच. तीच मला सांगत होती, ‘बाय, आजोबा जिते व्हते. माझ्या हातचं पानी घेतलं. बावटा त्या दाराच्या खुंटीला टांगेल व्हता, तिकडंच बघत व्हते. उठवत नव्हतं त्यांना.’ न्हाणीच्या दारातून स्वयंपाकघराची खुंटी समोर दिसते, तुला आठवत असेल. संध्याकाळी डहाणूच्या दवाखान्यात अण्णांनी डोळे मिटले. शेवटपर्यंत शुद्ध होती. मला म्हणाले, ‘शैलेशचे चिकू काढलेस का?’ मी हो म्हटलं. काढले नव्हते. तू आलास तेव्हा ते काळे पडले होते, म्हणून मी ते टोपलं तुझ्यासमोर आणलं नाही.

तुझं पत्र आधी आलं असतं तर, असं मी एकदाच म्हणणार आहे आणि पुन्हा म्हणणार नाही. रोज हिरवा लावा असं मी म्हणाले होते हेही आठवतं, आणि मग हट्ट का धरला नाही तेही आठवतं. मला सोपं पडत होतं. तू एकट्याने सगळं अंगावर घेऊ नकोस. माझा वाटा मला असू दे.

ताई


पुणे
१ डिसेंबर १९९१

ताई,

तुझं पत्र मिळालं. काय लिहू? तार करणार होतो आणि केली नाही. तुम्ही घाबराल म्हणून. घाबरला असतात तर बरं झालं असतं. एवढंच डोक्यात फिरतं.

कामाचं लिहितो, दुसरं सुचत नाही. सगळ्या स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून तपासतोय. आता एकही परीक्षा गप्प राहून पास होत नाही. प्रत्येकीने तोंडाने सांगायचं, ‘मी फाइल उघडली, मी बघितलं, चूक नव्हती.’ असं कुणी म्हणालं नाही तर नापास. त्यामुळे पूर्वी जिथे सगळं पास होतं तिथे आता निम्म्यावर नापास आहे. साहेब वैतागलेत. म्हणतात, तू नीट करायला बसलास की मोडायला?

परवा मिथुन म्हणून माझ्याबरोबर काम करणारा आहे, त्याच्याकडची एक परीक्षा काही केल्या पास होईना. त्याने काय केलं, आतली तपासणीच काढून टाकली आणि शेवटी सरळ लिहिलं, ‘पास छाप.’ रोज चालवली, रोज पास. मला कळलं तेव्हा मी त्याच्यावर सगळ्यांदेखत ओरडलो. इतका, की तो रडकुंडीला आला. चांगला मुलगा आहे. सुटायचं होतं म्हणून केलं त्याने. नंतर मीच जिन्यात जाऊन बसलो.

मेसमध्ये जातो. जेवण होतं. तू काळजी करू नकोस.

शैलेश


डहाणू
१२ डिसेंबर १९९१

चि. शैलेश,

काळजी करू नकोस असं लिहून काळजी थांबत असती तर पोस्टखातं केव्हाच देवळात बसवलं असतं.

मी एक ठरवलंय आणि यात तुझं मत विचारलेलं नाही. आता तू तिथे एकटा. इथून खिडकी नाही, फाटक नाही. तेव्हा दर शनिवारी तू मला एक कार्ड टाकायचं. लांबलचक नको. दोन ओळी. कार्ड आलं तर मी शाळेत जाईन. नाही आलं तर मी पुण्याला येईन. समजलं? अण्णांचा हिरवा बावटा आता तुझ्याकडे आहे असं समज.

त्यांचा खरा बावटा मी ट्रंकेतून काढून धुतला. कमळीने मागितला. वाडीत ती एकटीच असते ना आता, झाडं बघायला. रोज सकाळी खांबाला लावते. तिला कुणी शिकवलं नाही. मी एसटीतून बघते. पहिल्या दिवशी हिरवा बघून मला रडू फुटलं आणि शेजारची बाई विचारायला लागली, ‘शुं थयुं, बेन?’ मी म्हटलं, डोळ्यांत धूळ गेली.

मिथुनची माफी माग. अण्णा असते तर म्हणाले असते, सिग्नल चुकला तर सिग्नलवाल्यावर ओरडून गाडी मागे जात नाही.

ताई


पुणे
२१ डिसेंबर १९९१

प्रिय ताई,
मी बरा आहे. काळजी नसावी.
शैलेश


डहाणू
५ जानेवारी १९९२

चि. शैलेश,

दोन्ही कार्डं मिळाली. वेळेवर आली की रे कार्डं, असं मी पोस्टमनला म्हटलं. बरं वाटलं. पण दुसरं कार्ड पहिल्यासारखंच आहे. अक्षरही तसंच. मास्तरीण आहे मी, एका वहीवरून दुसरी उतरवलेली लगेच ओळखते.

यंदा आपल्याकडे संक्रांत नाही, तिळगूळ पाठवत नाही. वाडीतले चिकू मात्र येणाऱ्या माणसाबरोबर पाठवीन. मिथुनशी बोललास का ते लिही. आणि मेसमध्ये शनिवारी काय भाजी होती तेही लिही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

ताई


पुणे
११ जानेवारी १९९२

प्रिय ताई,
मी बरा आहे. काळजी नसावी.
शैलेश


डहाणू
१९ जानेवारी १९९२

शैलेश,

भाजीचं लिहिलं नाहीस. मिथुनचंही नाही. माझं पत्र तुला मिळालं नाही का? मिळालं असेल तर रागावलास का? रागाव. चार ओळी शिव्यांच्या लिही. मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, सगळ्या सोसेन.

काल नरपडला तुझा तो कॉलेजातला मित्र सुदर्शन भेटला. म्हणाला, कामासाठी पुण्याला गेलो होतो, शैलेशच्या कंपनीत चौकशी केली, तर महिनाभर तो येत नाही म्हणाले. मी म्हटलं, रजेवर असेल. त्याच्यासमोर मी हसलेसुद्धा. घरी आल्यावर तुझी सगळी कार्डं ओळीने मांडली आणि बघत बसले.

तू कुठे आहेस? एवढ्याच प्रश्नाचं उत्तर दे. भाजी राहू दे.

ताई


पुणे
८ फेब्रुवारी १९९२

प्रिय ताई,
मी बरा आहे. काळजी नसावी.
शैलेश


डहाणू
३० जानेवारी १९९२

शैलेश,

आज गुरुवार. आज दोन कार्डं एकदम आली. एकावर तारीख गेल्या शनिवारची. दुसऱ्यावर आठ फेब्रुवारी. आठ फेब्रुवारी अजून उगवायची आहे, शैलेश.

मी कार्ड हातात धरून उभी राहिले आणि मला एकदम सगळं कळलं. तू एके दिवशी बसून गठ्ठाभर कार्डं लिहून ठेवलीस. तारखा घातल्यास. मेसवाल्याला किंवा कुणाला दिलीस, दर शनिवारी एक टाक म्हणून. त्याने या खेपेला घाईत दोन टाकली. देव त्याचं भलं करो.

तूच मला लिहिलं होतंस ना, मिथुनने आतली तपासणी काढून टाकली आणि शेवटी ‘पास छाप’ असं लिहिलं? रोज चालवली, रोज पास? त्याच्यावर तू ओरडलास. आणि स्वतः काय केलंस, वेड्या? माझ्या मोठ्या हुशार भावा, तू स्वतःला इतकी शिक्षा करून घेतलीस की तुला माझ्यापासूनही सुटायचं होतं. सुटू दे मला, हे तू मला सांगायला हवं होतंस. मी सोडलं नसतं, ते वेगळं.

रागावले नाही. खरं सांगू, आधी खूप रागावले, मग खूप घाबरले, आणि आता साडी पिशवीत भरताना दोन्ही राहिलं नाही. एक माणूस मी खिडकीतून बघून पुढे गेले. लाल दिसलं नाही म्हणून. आता हिरवं दिसतंय म्हणून दुसऱ्याला सोडून पुढे जाणार नाही. मला तू नीट आहेस असं ऐकायचं नाही. मला तुला बघायचंय. हात लावून बघायचंय.

शाळेत रजेचा अर्ज दिला. यांनी मुंबईपर्यंत सोबत येतो म्हटलं, मी नको म्हटलं. कमळीने नव्या तांदळाचे पोहे दिलेत. म्हणाली, ‘बाय, दादाला खावाला घाल, मंग काय ते विचार.’ तिचं ऐकणार आहे. तू आलास तर तुला घेऊन येईन, नाही आलास तर तिथेच राहीन, मला घाई नाही. वाडीत तुझी खोली झाडून ठेवली आहे. चिकू पुन्हा पिकायला लागलेत. या खेपेला काढीन.

हे पत्र डहाणूच्या स्टेशनवर पेटीत टाकते आहे. ते माझ्या मागून पोचेल, तेव्हा आपण दोघे मिळून वाचू. तोवर मी तुझ्या खोलीच्या जिन्यात असेन. दार वाजवीन. आतून ‘मी बरा आहे’ असं म्हणू नकोस.

दार उघड.

ताई